वन्संच्या खोलीतला प्रिंटर

वन्संच्या खोलीत माझा नवरा आयुष्यात कधी गेला नाही. घर त्यानंच बांधलं, त्या खोलीच्या फळ्या त्यानंच ठोकल्या, पण बहीण तिथे राहायला गेली त्या दिवसापासून उंबऱ्याच्या आत त्याचं पाऊल पडलं नाही. आमच्या ह्या बेटांवर भाऊ आणि बहीण वयात आले की एकमेकांच्या खोलीत जात नाहीत, शेजारी बसून टीव्ही बघत नाहीत, एकमेकांसमोर थट्टामस्करी करत नाहीत. मान बहिणीचा. मळ्यातलं पहिलं कोनफळ तिच्या दारात जातं, उरलेलं आमच्या चुलीवर येतं. वन्सं सांगतील ते माझा नवरा कितिओने ऐकणार, आणि त्या चुकल्या तरी चुकल्या असं म्हणणार नाही. हे मला सासरी आल्या आल्या कळलं होतं. पटलं मात्र कधीच नव्हतं. मी हापाई बेटावरची. आमच्या बेटावरही रीत हीच आहे, फक्त आमची तोंडं जरा सैल आहेत.

वन्सं म्हणजे लोसालिने. गावच्या चर्चचं गायनमंडळ किती वर्षं त्यांच्या हाताखाली होतं, कोण जाणे. फळ्यापुढे उभ्या राहिल्या की म्हातारे पुरुषसुद्धा शाळेतल्या पोरांसारखे ताठ बसत. कितिओने मागच्या रांगेत खर्ज गायचा. मला नेहमी वाटायचं, बहिणीकडे सरळ डोळे लावून बघायची मुभा त्याला तेवढ्याच जागी होती. तिथे तिच्या हाताकडे बघितलं नाही तर गाणंच बिघडायचं.

मग त्यांची मूत्रपिंडं बिघडली. पाय सुजले, चेहरा सुजला, हात थरथरायला लागले. खडू धरवेना, चर्चपर्यंत चालवेना. शहरातल्या डॉक्टरांनी कितिओनेला बाहेर व्हरांड्यात बोलावून काय ते सांगितलं, आणि त्यानं माझ्या तोंडून बहिणीला निरोप दिला, की आराम केला म्हणजे बरं वाटेल. मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला. वन्संनी ऐकला, मान हलवली आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळल्या.

कारण त्या गाणं रचत होत्या. चार आवाजांचं, दिवस मावळताना होडी घरी वळवणाऱ्याचं. ते कुणासाठी आहे हे आख्ख्या गावाला कळत होतं, आणि आख्खं गाव मूग गिळून बसलं होतं. वन्संची इच्छा एवढीच होती, की ते मंडळाच्या हातात पडावं आणि आपल्या कानांनी एकदा ऐकता यावं. आमच्याकडे सूर आकड्यांत लिहितात, तीनपासून नऊपर्यंत. कुठे आकड्यावर रेघ, कुठे खाली टिंब. ती खास अक्षरं फक्त त्यांच्या त्या जुनाट कॉम्प्युटरमध्ये होती. कितिओनेनं एकदा ती फाइल शहरातल्या दुकानात नेऊन बघितली, तर कागदावर नुसते रिकामे चौकोन आले.

"मी फळ्यावर उतरवून देते की," मी म्हणाले होते.

"नको," वन्सं म्हणाल्या. "तुझा पाच कुठला आणि सहा कुठला, हे तुझ्या आईलाही सांगता यायचं नाही."

जुन्या प्रिंटरमध्ये मुंग्यांनी संसार मांडला होता. ऑकलंडच्या भाच्यानं बोटीनं सामानाचं पिंप पाठवलं, त्यात साबण, जुने कपडे आणि डब्यातलं मटण यांच्या मधोमध नवा प्रिंटर होता. पिंप आलं तेव्हा कितिओने कामावर होता. टेलिफोनच्या कचेरीत तो तारा जोडतो, त्यामुळे घरात अशा वस्तूंचा जाणकार तोच. पण वन्संना दम धरवला नाही. मी मागे कपडे वाळत घालत होते. तेवढ्यात त्या पलंगाला धरून वाकल्या, प्रिंटरची वायर कॉम्प्युटरला जोडली, दोन्ही चालू केले आणि मग सीडी घातली. मी आत आले तर त्या जमिनीवरच बसलेल्या, धापा टाकत, पण चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू.

"बघ," म्हणाल्या, "माझी मी लावली."

पडद्यावर लिहिलेलं होतं, उपकरण ओळखता आलं नाही.

शनिवारी सकाळी कितिओनेनं खिडकीबाहेर, नीरफणसाच्या सावलीत चटई टाकली आणि भिंतीला पाठ लावून बसला. खिडकी आडव्या काचपट्ट्यांची, आवाज आरपार जायचा. कॉम्प्युटर उचलून बाहेर आणायचं मी सुचवलं होतं, पण मागच्या वेळी नुसता सरकवला तर तो चालूच होईना. त्याला हलवायचं नाही, असं ठरलं. मग काय, वन्सं पलंगावर उशांना टेकून, मी माउस धरून खुर्चीत, आणि शहाणा माणूस भिंतीपलीकडे.

"लेसिएली, पडद्यावर काय दिसतंय?"

"तुझं नशीब दिसतंय. पिवळा त्रिकोण, आणि त्यात उद्गारचिन्ह."

वन्संसमोर नवऱ्याशी असं बोलायचं नसतं. पण वन्सं हसल्या, मग मीही घाबरले नाही.

"शाई नीट बसलीय का बघ."

बसली होती. मग कागद बघितला. मग प्रिंटर बंद करून चालू केला. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो चालू व्हायला एवढा वेळ घेतो की तेवढ्यात अळकुड्या शिजून निघाव्यात. पुन्हा तेच, उपकरण ओळखता आलं नाही.

"वायर जिथे लावतात त्या भोकावर एक लाल पट्टी चिकटवलेली असते," बाहेरून आवाज आला. "ती होती का?"

मी सकाळीच केर काढला होता. पलंगाखाली चुरगळलेली लाल पट्टी सापडली होती, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, आधी सीडी, सांगितल्यावरच वायर.

"होती," मी म्हणाले.

"आता कुठे आहे?"

"केरात."

बाहेर चटई सरकली. मग वन्संच म्हणाल्या, "वायर मी नीट लावलीय. तिला हात लावू नका."

"बरं ताई," कितिओने म्हणाला. आणि मला म्हणाला, "लेसिएली, शाई परत एकदा बघ."

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला कळलं होतं. तारा जोडून पोट भरणारा माणूस तो, त्याला न कळून कसं चालेल? वायर उपटायची, कॉम्प्युटरनं मनात धरून ठेवलेलं ते चुकीचं नाव पुसायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, एवढंच काम होतं. पण त्यासाठी बहिणीला सांगावं लागलं असतं, की ताई, तुम्ही केलंत ते चुकलं. ते त्याच्या तोंडून निघेना. म्हणून तो मला शाई बघायला लावत होता, सीडी पुसायला लावत होता, मागची दुसरी भोकं मोजायला लावत होता. जुन्या प्रिंटरचं नाव यादीतून काढ म्हणाला, मी काढलं. घड्याळाची तारीख बघ म्हणाला, तीही बघितली. तारखेचा आणि प्रिंटरचा काय संबंध, ते त्याला आणि देवाला ठाऊक!

आणि मी? मीही गप्पच होते. मी तर वन्संच्या पुढे त्याच्याहून खालची. शिवाय त्या दिवशी जमिनीवर बसून हसलेल्या वन्सं माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या. आपल्या हातांनी केलेलं त्यांचं ते शेवटचं काम असेल, असं आत कुठेतरी वाटत होतं. ते काम चुकलं म्हणून कुणी सांगावं?

ऊन डोक्यावर आलं. वन्संचा श्वास आखूड झाला होता. उशीवर मान टाकून त्या पडद्याकडे बघत होत्या, आणि पडदा तेच तेच सांगत होता.

"राहू दे, लेसिएली," त्या म्हणाल्या. "तुम्ही दमलात. पुढच्या शनिवारी बघू."

पुढच्या शनिवारी! पुढचा शनिवार कुणी बघितलाय? मग राग आला. कितिओनेचा, स्वतःचा, त्या भिंतीचा, सगळ्यांचा. असा राग आला की माझं मलाच आवरेना.

"वन्सं," मी म्हणाले, "वायर आधी लावलीत तिथेच चुकलं. सीडी आधी घालायची होती. ह्याला ते सकाळीच समजलंय. तुमची चूक काढायला नको म्हणून हा मला घाण्याला जुंपून बसलाय, आणि मीही बावळटासारखी फिरतेय."

"लेसिएली!" बाहेरून तो ओरडला. लग्न झाल्यापासून तो माझ्यावर असा ओरडला नव्हता.

 वन्संनी हातानं मला गप्प बसवलं आणि खिडकीकडे तोंड केलं. आवाज चढवला नाही, पण तो फळ्यापुढचा आवाज होता.

"कितिओने. ही म्हणते ते खरं?"

बाहेरून उत्तर आलं, "हो ताई."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, नीट लावलीय."

"मी म्हटलं म्हणून नीट होते का?"

 बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. मी माउस सोडून हात मांडीवर घेतले. मला वाटलं, आता आपली धडगत नाही, संध्याकाळी बोचकं बांधून हापाईची बोट धरावी लागणार.

"डॉक्टर व्हरांड्यात तुला काय म्हणाले?" वन्संनी विचारलं.

"आराम..."

"आरामाचं मला लेसिएलीनं सांगितलं. ते काय म्हणाले ते विचारतेय मी."

"ताई, ते राहू द्या."

"मी तुझी मोठी बहीण आहे. मी मागितलेल्या कशालाही तू आजवर कधी नाही म्हणाला नाहीस. आज म्हणतोस?"

 चूक सांगायची नाही हा जसा नियम, तसा बहिणीला नाही म्हणायचं नाही हाही नियमच, आणि दुसरा पहिल्याहून जड. वन्संनी तो बरोबर उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"ते म्हणाले, इथे इलाज नाही," कितिओने म्हणाला. "मी ऑकलंडचं विचारलं. म्हणाले, आता तेवढा प्रवास सोसायचा नाही."  मग एका दमात म्हणाला, "म्हणाले, यंदाची कोनफळं तिला बघायला मिळणार नाहीत."

तो भिंतीला पाठ लावून हे बोलला. मला काचपट्ट्यांमधून त्याच्या डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसत होता, तो खाली गेला आणि तसाच राहिला. मला रडू फुटलं. वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही सुजलेले हात पांघरुणावर सारखे करून ठेवले, आणि त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं.

"हं," त्या म्हणाल्या. "मलाही तसंच वाटत होतं. एकटीला वाटत राहणं फार वाईट असतं." आणि मग, "आता वायर कशी काढायची ते हिला सांग."

त्यानं सांगितलं. सुरुवातीला आवाज घोगरा होता, मग कामात शिरला तसा सरळ झाला. वायर काढ. यादी उघड. पिवळ्या त्रिकोणापुढचं नाव पुसून टाक. खात्री आहे का विचारेल, हो म्हण. कॉम्प्युटर बंद कर. चालू कर. सीडी घाल. आता थांब. वायरीला हात लावू नकोस. अजून नाही. पडद्यावर वायरीचं चित्र येईल, ते आलं की सांग.

"आलं," वन्सं म्हणाल्या. त्या कधी उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलंच नव्हतं.

"मग जोडा, ताई," तो म्हणाला.

मी वायर त्यांच्या हातात दिली, खुर्ची बाजूला केली आणि त्यांचं मनगट धरलं. दोन वेळा ती चुकली, तिसऱ्यांदा बसली. प्रिंटरनं घसा साफ केला, आत काहीतरी सरकलं, आणि पहिला कागद हळूहळू बाहेर आला. आकडे आकड्यांच्या जागी, रेघा रेघांच्या जागी. वन्संनी तो गरम कागद गालाला लावला. एवढ्या शिस्तीच्या बाईला असं करताना मी पहिल्यांदाच बघितलं.

खर्जाचं पान त्यांनी मला काचपट्ट्यांमधून बाहेर द्यायला सांगितलं. "म्हण," त्या म्हणाल्या.

कितिओनेनं आधी नुसते आकडे गायले, जसं सगळेच शिकतात. पहिली ओळ, दुसरी ओळ. वन्सं डोळे मिटून, बोटानं गादीवर ठेका धरून, बायकांचा वरचा सूर बाहेर जेमतेम ऐकू जाईल इतका हळू म्हणत होत्या. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तो थांबला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

काही नाही, असं तो म्हणेल असं मला वाटलं. सकाळचा कितिओने असता तर त्यानं चुकीचा सूर तसाच गायला असता, आणि मंडळानंही गायला असता, वर्षानुवर्षं.

"ताई," तो म्हणाला, "इथे चुकलंय तुमचं. खर्ज आणि तुमचा सूर एकमेकांवर आदळतात. इथे पाच नको, चार हवा."

वन्संनी डोळे उघडले. आपलं पान जवळ धरून ओळीवरून बोट फिरवलं, मनातल्या मनात दोन्ही सूर म्हणून बघितले. 

"चारच हवा," त्या म्हणाल्या. "खोड तो, आणि लिही."

"तुम्ही कॉम्प्युटरवर बदला. मी कसा लिहू?"

"पेन्सिलनं लिही. मंडळापुढे आता तुलाच उभं राहायचंय. माझं चुकलेलं काढायला तुझ्याशिवाय कोण बसलंय तिथे?"

मी पेन्सिल बाहेर दिली. बहिणीनं रचलेल्या ओळीवर त्यानं काट मारली. ती काट मारायला त्याला किती वेळ लागला म्हणून सांगू! मग त्यानं ओळ पुन्हा म्हटली आणि ह्या वेळी वन्सं आतून मोकळ्या गळ्यानं त्याच्याबरोबर गायल्या. भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. त्या दोघांना असं गाताना त्यांच्या आईनंतर ऐकणारी मीच असेन.

मंडळ आमच्या अंगणात येऊन शिकलं. कितिओने त्यांच्यापुढे उभा राहायचा, खिडकीकडे पाठ करून, आणि वन्सं आतून कान देऊन असायच्या. गाणं पूर्ण बसलं त्या संध्याकाळी त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं आणि मग सगळ्यांना घरी जायला सांगितलं. कोनफळं निघायच्या आधीच त्या गेल्या. डॉक्टरांचं खरं ठरलं.

बहिणीच्या मयताला भावाचं घर सगळ्यांत खालच्या मानाचं. त्याची खूण म्हणून आम्ही दोघांनी कमरेला फाटक्या चटया गुंडाळल्या, इतक्या मोठ्या की चालता येईना, आणि घरामागे जमिनीतल्या भट्टीपाशी बसलो. शव ठेवलं होतं तिकडे जायचं नाही, चेहरा बघायचा नाही, आलेल्यांसाठी रांधायचं. मंडळ पुढे, वन्संच्या उशाशी. कितिओनेच्या जागी गावच्या शाळेतल्या मास्तरीण बाई त्यांच्यापुढे उभ्या होत्या. कितिओने काठीनं राखेतले तापलेले दगड सारखे करत होता, तेवढ्यात पुढून गाणं सुरू झालं.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत खर्ज डळमळायला लागला. मागच्या रांगेतले दोघे-तिघे म्हातारे त्याच्याशिवाय ते कधी गायलेच नव्हते. मी त्याच्याकडे बघितलं. त्या दिवशी त्यानं पुढे आवाज पोचवणं रीतीला धरून नव्हतं. ज्याचा मान सगळ्यांत खाली, त्यानं गप्प राहून काम करायचं. त्याच्या हातातली काठी राखेतच राहिली. मग तिसरी ओळ आली, आणि त्यानं तोंड उघडलं.

तो मोठ्यानं गायला. घराच्या मागून, धुरातून, भिंतीवरून पुढच्या माणसांपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं. पुढे म्हाताऱ्यांनी तो सूर पकडला. ओळीच्या मध्यावर तो चार अगदी बरोबर जागी लागला. कुणी त्याला गप्प बस म्हणून सांगायला आलं नाही. गाणं संपेपर्यंत मी दगडांवर केळीची पानं पसरत राहिले, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी धुरामुळे आहे असं कुणालाही सांगितलं नाही.